संग्रहालयासमोरचा थांबा

बसचं संग्रहालय, त्याचा वर्धापनदिन, आणि त्या वर्धापनदिनासाठी दारातला बसथांबा उखडून काढला. ही गोष्ट मी कुणाला सांगितली की ऐकणारा आधी हसतो. मला हसू येत नाही. त्या थांब्यावर उभी राहणारी माणसं मी नावानिशी ओळखते. संपादकांनी मला ‘नोकरीतल्या गमतीजमती लिहा’ असं कळवलं आहे. गमती आहेत, एखादी सांगेनही. पण हा लेख रागात लिहिलेला आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर तक्रार नको.

मी शहर बसची कंडक्टर होते. माहेर दौलताबादचं. किल्ल्याच्या पायथ्याशी आमची पेरूची बाग, चारचौघांसारखं शेतकऱ्याचं घर. मला नोकरी लागली तेव्हा थोरल्या काकांनी दोन दिवस अबोला धरला. ‘आपल्या घरची पोरगी गडीमाणसांच्या गर्दीत उभी ऱ्हाणार व्हय?’ आई म्हणाली, ‘उभी ऱ्हाते, आडवी तर पडत नाय ना.’ विषय तिथं मिटला.

कंडक्टर म्हणजे तिकिटं फाडणारा, असा लोकांचा समज असतो. ते काम कुणालाही आठवड्यात जमतं. खरं काम वेगळंच आहे. ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसतो, गाडीच्या पोटात काय चाललंय ते कंडक्टरला दिसतं. कोण चढलं, कुणाचा पाय अजून पायरीवर आहे, कोणाला उतरायचंय पण गर्दीत आवाज फुटत नाही, कुणाला चक्कर येतीय. घंटी कंडक्टरच्या हातात असते, म्हणजे गाडी थांबणार की निघणार हे कंडक्टर ठरवतो. लोकांना वाटतं गाडी ड्रायव्हर चालवतो. चालवतो तोच, पण थांबवतो आम्ही. माझ्या मते ह्या धंद्यात थांबवणं हेच मोठं काम. धावायला काय, ट्रकही धावतो.

बाबुरावांचं सांगते. शेंद्र्याकडं कारखाने यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. बाबुरावांची जमीन त्यात गेली, आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या गेटवर ते वॉचमन म्हणून लागले. पांढऱ्याशुभ्र मिशीचे, डोक्याला पटका, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. रोज गाडीत चढले की मला म्हणायचे, ‘बाई, हिरीपाशी उतरवा.’ तिथं विहीर नव्हती. ती बुजवून त्यावर डांबर टाकलेलं होतं. थांबाही नव्हता. मी एक दिवस विचारलं, ‘मामा, कुठली विहीर?’ तर म्हणाले, ‘तुमाला नाय दिसायची. मला दिसती ना.’ मी तिथं घंटी द्यायला लागले. मग दुसरे कामगारही तिथं उतरायला लागले, आणि वर्षभरात सगळी पाळी ‘विहिरीचं एक द्या’ म्हणून तिकीट मागायला लागली. पुढं तिथं अधिकृत थांबा झाला. पाटीवर अर्थातच कंपनीचं नाव आलं. पण थांबा कागदावर तयार होत नसतो, माणसं उभी राहून तो तयार करतात, हे मी बाबुरावांकडून शिकले.

आता दुष्काळाचं.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला होता. शहर मात्र वाढतच होतं. मुकुंदवाडीच्या मागं रोज नव्या भिंती उठत होत्या, आणि त्या भिंती बांधायला खेड्यातून उठून आलेली माणसं तिथंच पत्रे ठोकून राहत होती. नळ नव्हता. टँकर यायचा कधी, नाही कधी. मग बायका कामाला निघताना रिकामे कॅन सोबत घ्यायच्या. शहरात ज्या बांधकामावर काम, तिथल्या हौदातून भरून घ्यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आणायच्या. नियमानं भरलेले कॅन गर्दीच्या गाडीत चालत नव्हते. मी चालू दिले. माझे ड्रायव्हर रशीदभाई होते. जुन्या शहरातल्या बुढी लेनचा माणूस, बोलणं कमी, पण गाडी अशी हाकायचा की उभ्या माणसाला दांडी धरावी लागू नये. ते आरशात बघून म्हणायचे, ‘मंदाबाई, पानी बैठ गया क्या बराबर? निकलू?’

त्या बायकांत गयाबाई होती. जालन्याकडच्या एका खेड्यातली. नवरा सोपान गवंड्याच्या हाताखाली, ही माल वाहायची. बारीक अंगाची, पण भरलेला कॅन उचलून एका झोक्यात पायरीवर ठेवायची.

एका संध्याकाळी सेव्हन हिलच्या उतारावर कुणीतरी मोटारसायकल आडवी घातली आणि रशीदभाईंना करकचून ब्रेक मारावा लागला. गयाबाईचा कॅन आडवा झाला, झाकण उडालं आणि पाणी गाडीभर पसरलं. पुढच्या बाकावर ऑफिसातले एक गृहस्थ बसले होते. त्यांचे बूट भिजले. ते उठून ओरडायला लागले, ‘ही काय गाडी आहे का पाणपोई? आम्ही तिकीट काढून बसतो!’ मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचाच आवाज बंद झाला. कारण खाली गयाबाई आणि दोघीतिघी गुडघ्यावर बसल्या होत्या. साडीचे पदर त्या पाण्यात बुडवत होत्या आणि पदर पिळून पाणी परत कॅनमध्ये भरत होत्या. बसच्या फरशीवरचं पाणी. त्या गृहस्थांनी पाय वर घेतले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

पुढच्याच थांब्यावर तपासनीस चढले. नवीन होते, कडक म्हणून नाव होतं. ओली गाडी, कॅनची रांग बघून तडकले.

‘बाई, ही माणसांची गाडी आहे की टँकर?’

मी उत्तर द्यायच्या आत गयाबाईच बोलली, ‘टँकर आला असता साहेब, तर गाडीत कशाला बसले असते?’

गाडीत दोघं हसले. तेच त्यांना लागलं. म्हणाले, कॅन इथंच खाली उतरवा, नाहीतर गाडी पुढं जाणार नाही. जालना रोडच्या कडेला, अंधार पडत आलेला, त्या बायकांनी भरलेले कॅन घेऊन जायचं कुठं? मी म्हणाले, ‘उतरवायचं तर मला उतरवा. कॅन उतरणार नाहीत.’ माझा आवाज एवढा चढला होता की माझा मलाच ओळखू आला नाही. तिकडं रशीदभाईंनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि केबिनमधून मागं वळून म्हणाले, ‘साब, गाडी तो आप बोलताय वैसी नै जाती. हम बोलताय वैसी जाती. बोलो, क्या करना?’

मागं वाहनांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. शेवटी तपासनीसच उतरले. उतरताना माझा बिल्ला नंबर लिहून घेतला. मला महिनाभर घरी बसवलं. रशीदभाईंना लांबच्या मार्गावर टाकलं. पण गवगवा झाला होता. त्या बायका दुसऱ्या दिवशी रिकामे कॅन घेऊन आगाराच्या दारात जाऊन बसल्या, आणि पाऊस पडेपर्यंत मागच्या बाकांजवळ कॅन ठेवू द्यावेत, असा तोंडी हुकूम निघाला. तोंडी. लिहून कुणी दिला नाही. मी घरी बसून होते. गयाबाई एकदा येऊन भाकरी आणि ठेचा देऊन गेली. ‘आमच्यामुळं झालं,’ म्हणाली. मी म्हणाले, ‘तुझ्यामुळं नाही गं.’ कुणामुळं झालं ते मला तेव्हाही सांगता आलं नाही. दोन्ही वर्षं आम्ही एकमेकांवरच ओरडलो. पाण्याचं नियोजन ज्यांनी करायचं ते कधी बसमध्ये चढलेच नाहीत, मग त्यांच्यावर ओरडणार कसे?

पुढं शहराचं नाव बदललं, बस बदलल्या, तिकिटाचं यंत्र आलं, मी निवृत्त झाले. आणि मग संग्रहालय आलं.

जालना रोडलाच, मुकुंदवाडीजवळ, एका जुन्या शेडमध्ये एका ट्रस्टनं सार्वजनिक वाहतुकीचं संग्रहालय काढलं. ट्रस्टचे अध्यक्ष मोठे व्यावसायिक. त्यांना लोक अध्यक्षसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांच्याबद्दल एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे. भंगारात निघालेल्या गाड्या त्यांनी स्वतःच्या खिशातून विकत घेतल्या, मिस्त्री लावून चालू केल्या. टांगा, जुनी डबल डेकर, लाकडी बाकांची गाडी, सगळं त्यांनी वाचवलं. मला बोलावून मुलांना माहिती सांगायचं काम दिलं. खाकी साडी पुन्हा अंगावर चढली. मी सुखात होते. हा माणूस लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

पहिली ठिणगी पडली ती दुष्काळावरून. शाळेच्या मुलांना मी कॅनची गोष्ट सांगायची. मुलं शांत बसून ऐकायची. एक दिवस अध्यक्षसाहेबांनी बाजूला घेतलं.

‘मंदाताई, ते पाण्याचं जरा कमी करा. मुलं मजा करायला येतात. पॉझिटिव्ह सांगा.’

‘साहेब, ही मुलं मुकुंदवाडीतली आहेत. आजही त्यांच्या घरी नळाला पाणी कधी येतं ते त्यांना विचारा.’

‘तसं नव्हे हो. पण जुनं कशाला उगाळायचं?’

‘संग्रहालयात जुनं नाही तर काय उगाळायचं?’

ते हसले, पाठीवर हात ठेवल्यासारखं करून निघून गेले. मी गोष्ट सांगतच राहिले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

मग वर्धापनदिन ठरला. दणक्यात करायचा, लोकांना सामावून घ्यायचं, असं ठरलं. वस्तीतल्या मुलांची चित्रकला स्पर्धा, महिलांची रांगोळी, जुन्या तिकिटांचं प्रदर्शन, निवृत्त चालक-वाहकांचा सत्कार आणि जुन्या लाल गाडीतून मोफत फेरी. गाडी चालवायला रशीदभाईंना बोलावलं. मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? मी सगळ्या जुन्या लोकांना स्वतः फोन केले.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी सकाळी गेले तर दारातला थांबा नाही. पत्र्याचं छप्पर नाही, बाक नाही, पाटी नाही. जमिनीत चार खड्डे आणि त्याभोवती पांढरी फक्की. मला वाटलं, रस्ता रुंद करताहेत. आत गेले तर थांबा आत. दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखा मधोमध मांडलेला. रंग दिलेला, बाकाला पॉलिश, वर झेंडूच्या माळा आणि फलक, ‘इथे सेल्फी काढा’.

मी अध्यक्षसाहेबांना गाठलं. ‘थांबा आत कसा आला?’

‘अहो, छान दिसतोय ना? बाहेर गंजून चालला होता. रीतसर परवानगी घेतलीय. आणि पाहुण्यांच्या गाड्या लावायला दर्शनी जागा पाहिजेच होती.’

‘लोकांनी कुठं उभं राहायचं?’

‘पुढचा थांबा आहे की.’

‘पुढचा थांबा नाल्याच्या पलीकडं, हमरस्ता ओलांडून. म्हाताऱ्या माणसांना जमतं का ते? आणि पाहुण्यांना बसनं येऊ द्या की साहेब. बसचाच वाढदिवस आहे.’

त्यांना वाटलं मी विनोद केला. खदखदून हसले आणि मंडपवाल्याशी बोलायला गेले. मी तिथंच उभी. बाकावर दोन पोरी बसून फोटो काढत होत्या, हात वर करून, जणू बस येतीय.

वर्धापनदिनाला ऊन कडक होतं. बाहेर गाड्यांच्या रांगा. वाजतगाजत पहिली मोफत फेरी निघाली. लाल गाडीत पुढं अध्यक्षसाहेब, त्यांचे पाहुणे, रांगोळीतल्या बक्षीसवाल्या बायका, शाळेची मुलं. मी गाडीच्या दारात उभी. रशीदभाईंनी पिकलेल्या दाढीवरून हात फिरवला, बिस्मिल्ला म्हटलं आणि गाडी काढली. गेटमधून बाहेर पडून चौकाला वळसा घालायचा आणि परत यायचं, एवढाच कार्यक्रम.

गेटबाहेर उभ्या मोटारींच्या मध्ये गयाबाई होती. केस पांढरे झालेले, गुडघ्यानं वाकलेली. तिच्या पायाशी, एका मोटारीच्या सावलीत, सोपान जमिनीवर बसला होता. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सरकारी दवाखान्यात रक्त धुवून घ्यायला त्याला एक दिवसाआड न्यावं लागायचं आणि त्या दिवशी नंबर होता. रोजची गाडी आता तिथं थांबत नव्हती, समोरून निघून जात होती. नाल्यापलीकडं चालत जाणं सोपानला शक्य नव्हतं. लाल गाडी बघून गयाबाईनं हात केला. तिला काय माहीत ती शोभेची आहे.

रशीदभाईंनी आरशात माझ्याकडं बघितलं. ‘मंदाबाई?’

‘घ्या कडेला.’

मी खाली उतरून सोपानला काखेत धरून वर घेतलं. तो हलका झाला होता, फार हलका. रांगोळीवाल्या बायकांतली एक पटकन उठली आणि त्याला जागा दिली. अध्यक्षसाहेब पुढून आले. हळू आवाजात, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये असं म्हणाले, ‘ताई, ही प्रदर्शनाची फेरी आहे. यांना आपण रिक्षा करून देऊ.’

‘आज द्याल. परवा?’

‘परवाचं परवा बघू.’

‘साहेब, बस आहे. हात केला, थांबली. त्यांना दवाखान्यात जायचंय.’

‘गाडी चौकातून परत फिरवा,’ ते रशीदभाईंना म्हणाले.

रशीदभाई समोर बघत म्हणाले, ‘साब, बुढ्ढी गाडी है. एक बार सीधी निकली तो मुडती नै.’

आणि त्यांनी चौकातून गाडी सरळ घेतली.

जालना रोडवरून ती लाल गाडी निघाली तसं प्रत्येक थांब्यावर लोक उठून उभे राहिले. हात करायला लागले. मी प्रत्येक थांब्यावर थांबवली. बाजाराच्या पिशव्या चढल्या, एक बाई लेकराला घेऊन चढली, कामाला निघालेले दोन गवंडी चढले. तिकीट विचारलं की मी म्हणायची, ‘बसा, आज वाढदिवस आहे.’ मुलं खिडक्यांतून ओरडत होती. एक पाहुणे, वयस्कर, आधी चिडलेले, मग गवंड्यांशी गप्पा मारत होते. अध्यक्षसाहेब मात्र पुढच्या बाकावर ताठ बसून होते. मानेची शीर उडताना मला दिसत होती. मीही घंटी गरजेपेक्षा जोरानं ओढत होते. आनंदानं नव्हे. इतक्या वर्षांचा संताप अंगात चढला होता.

दवाखान्याच्या दारात सोपान उतरला. नंबर चुकला नाही. गयाबाईनं मागं वळून हातसुद्धा केला नाही, तिला घाई होती. मला ते बरं वाटलं. बसमधून उतरणारा माणूस कंडक्टरचे आभार मानत थांबत नसतो.

परत आलो तेव्हा मंडपात भाषणं खोळंबली होती. सत्कार झाले, माझा सोडून. संध्याकाळी अध्यक्षसाहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत. थकलेले दिसत होते.

‘मी तुमच्यासाठी काय कमी केलं, मंदाताई? या गाड्या मी वाचवल्या. आणि तुम्ही माझ्या पाहुण्यांसमोर...’

‘गाड्या वाचवल्यात साहेब, त्याबद्दल तुमचे पाय धरीन. थांबा परत लावा.’

‘तो विषय संपलाय.’

‘मग माझाही संपला.’

‘उद्यापासून येऊ नका,’ ते म्हणाले. मी जायचं ठरवलंच होतं, पण त्यांनी आधी म्हणून घेतलं. त्याचाही मला राग आहे.

थांबा परत आला नाही. वस्तीतले लोक दोन दिवस सकाळी संग्रहालयाच्या दारात बसले, मीही त्यांच्यात होते. मग कुणीतरी अधिकारी आले आणि गेटपासून बरंच पुढं, नाल्याच्या अलीकडं, एक लोखंडी खांब रोवून गेले. ना छप्पर, ना बाक. निदान रस्ता ओलांडावा लागत नाही. छप्पर आणि बाक अजून आतच आहेत. सुट्टीच्या दिवशी तिथं फोटोसाठी रांग लागते म्हणे. सोपान त्या वर्षी गणपतीनंतर गेला. थांब्यामुळं गेला असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. पण शेवटचे काही महिने आजारी माणूस उन्हात खांब धरून उभा राहिला, हे खरं आहे.

लोक मला म्हणतात, आता वय झालं, राग सोडा. मी सोडत नाही. त्या खांबापाशी माणसं कमी असली की नवे ड्रायव्हर गाडी थांबवत नाहीत, थेट काढतात. म्हणून मी सकाळी जेवण उरकून तिथं जाऊन उभी राहते. मला सगळे ड्रायव्हर ओळखतात. मला बघून गाडी सोडायची त्यांची हिंमत होत नाही. मी हात करते, गाडी थांबते, दार उघडतं. गयाबाई चढते, कामाच्या बायका चढतात, कॉलेजची पोरं चढतात.

‘चला बाई, वर या,’ कंडक्टर म्हणतो.

मी म्हणते, ‘तुम्ही व्हा पुढं. मला कुठं जायचंय?’